क्रँकची खाच आणि मिस्त्रींचे बयान

सेनगावात वाहने दुरुस्त करणारे इसम पुष्कळ आहेत. परंतु मालकाचा जबाब घेतल्यावाचून बॉनेटला हात न लावणारे मिस्त्री एकच होते. त्यांचे पत्र्याचे गॅरेज तहसीलच्या समोर, रस्त्यापलीकडे होते आणि माझे टेबल रस्त्याच्या अलीकडे, कडुनिंबाखाली. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या मसुद्यात चूक काढणारा कारकून या तालुक्यात अजून रुजू व्हायचा आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, हरकत, खुलासा, जे म्हणाल ते मी लिहितो. मिस्त्रींचे नाव मात्र येथे लिहीत नाही. हयात माणसाचे नाव त्याच्या संमतीवाचून कागदावर आणू नये, हा माझा नियम आहे. ते आता गॅरेज बंद करून वाशिमला लेकीकडे राहतात.

सगळे मला साहेब म्हणतात. मिस्त्री मुनशी म्हणत. मी एकदा आक्षेप घेतला, तेव्हा ते म्हणाले, "साहेब सही करतो. लिहितो तो मुनशी."

ते पांढऱ्या सदऱ्यात काम करीत. धुतलेला, इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून माणूस डिझेल इंजिनात कोपरापर्यंत हात घालतो आणि संध्याकाळी तसाच पांढरा बाहेर येतो, हे पाहायला शाळा सुटल्यावर मास्तर लोकही थांबत. कोणी विचारलेच तर सांगत, "डाग तेलाचा न्हाई पडत, घाईचा पडतो."

जबाबाला ते 'बयान' म्हणत. एक निवृत्त मुख्याध्यापक त्यांच्याकडे मोटार घेऊन आले, तो प्रसंग मी स्वतः ऐकला आहे.

"गाडी अचानक गरम झाली," गुरुजी म्हणाले.

"अचानक म्हंजे किती दिसांपासून?"

"तसे पंधरा एक दिवस झाले."

"पानी कधी पाह्यलं?"

"पाणी आहे ना त्यात."

"हाय का न्हाई ते मी इचारलं न्हाई गुरुजी. कधी पाह्यलं ते इचारलं."

गुरुजींनी घसा साफ केला. "दिवाळीत पाहिले होते."

"कोणत्या?"

ज्या गुरुजींनी तीन पिढ्यांना बाकावर उभे केले, ते त्या पत्र्याखाली मान खाली घालून उभे होते. बयान पुरे झाल्यावर मिस्त्रींनी त्यांना चहा पाजला आणि मगच बॉनेट उघडले. खोटे बोलणाऱ्यालाही ते चहा पाजीत. फक्त त्याचे बॉनेट उघडत नसत. "इंजिन झूठ बोलत न्हाई," ते म्हणत, "म्हून त्याला इचारायला टाइम लागत न्हाई. मालकाला लागतो."

इंजिनाशी मात्र ते मराठीत बोलत नसत. तारुण्यात नांदेडला एका उस्तादांच्या हाताखाली ते शिकले. उस्तादांची सारी विद्या दखनीत होती, आणि मिस्त्रींची अशी ठाम समजूत होती की इंजिनाला तीच कळते. "क्या तकलीफ है, बोल," असे म्हणून ते पान्याचे एक टोक इंजिनावर आणि दुसरे कानाला लावीत. मी विचारले, मराठीत विचारले तर बिघडते काय? ते म्हणाले, "मराठीत ते लाजतं."

आणखी एक गोष्ट. स्वतः दुरुस्त केलेल्या वाहनात ते कधीही बसत नसत. नरसीला जायचे तर एसटीने, आणि एसटी नसली तर पायी. लोक म्हणत, मिस्त्रीला स्वतःच्या कामावर भरवसा नाही. खरे कारण त्यांनी मला सांगितले होते. "आपल्या हातच्या गाडीत बसलं की कान बंद होत न्हाईत, मुनशी. नरसी कधी आली ते समजतच न्हाई, देवापुढं उभं राह्यलं तरी बेअरिंगच आयकू येते."

परंतु त्यांची खरी शिस्त पाहायची, तर ती कसणीच्या वेळी. महत्त्वाचा बोल्ट ते दोन वेळा कसत. पहिल्यांदा साध्या पान्याने, बसेपर्यंत. नंतर पान्याला हातभर लोखंडी पाइप जोडून, सर्व अंगाचा भार देऊन, शेवटचा. त्यापूर्वी ते जाहीर करीत, "आता कसणं हाय." त्या क्षणापासून गॅरेजात कोणी बोलायचे नाही. रेडिओ बंद. चहावाला उंबऱ्यावरच थांबे. शेवटची कसणी झाली की डबीतला पांढरा रंग ब्रशने घेऊन बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर एक सरळ पट्टी ओढायची, मग बोलणे सुरू. पट्टी दिसली की बोल्ट कसला, असा सगळ्या तालुक्याचा समज होता. काही जण जुनी जीप विकत घेताना मालकाला सोडून पट्ट्याच मोजत.

माझा व्यवसाय शब्दांचा. एखाद्याने मला गप्प बसवावे आणि तेही एका बोल्टसाठी, हे मला पटत नसे. तरीही मी तो नियम पाळीत असे. एकदा सोडून.

ते 'एकदा' आता सांगतो.

पुसेगावचा एक तरुण पुसेगाव–सेनगाव अशी जीप चालवीत असे. जीप त्याची स्वतःची, घर त्याच जीपवर चालणारे. इंजिनाच्या पुढच्या सीलातून ऑईल गळते म्हणून त्याने ती मिस्त्रींकडे आणली. सील बदलायचे तर पुढची पुली काढावी लागते. इंजिनाच्या आत एक जाड लोखंडी दांडा फिरत असतो, त्याला क्रँक म्हणतात. त्याच्या पुढच्या टोकावर आत एक गिअर आणि बाहेर पुली बसलेली असते. ती दोन्ही दांड्यावर जागच्या जागी घसरू नयेत, म्हणून दांड्यात एक बारीक खाच असते आणि त्या खाचेत बोटाच्या पेराएवढी पोलादी चावी. सर्वांत शेवटी बाहेरून एक मोठा बोल्ट सगळ्यांना दाबून धरतो. एवढी माहिती वाचकांस पुरेशी आहे. मला स्वतःला याहून अधिक नाही.

सील बदलून झाले. पंधरा दिवसांनी भरल्या सवाऱ्यांनिशी जीप पुसेगावच्या पुढे खडखडू लागली, काळा धूर ओकू लागली आणि बंद पडली. ट्रॅक्टरला बांधून ती सेनगावात आली आणि तहसीलच्या मैदानात उभी राहिली. दुसऱ्या मिस्त्रीने नुसती पुली हलवून पाहिली आणि सांगितले की ती डुलते आहे, म्हणजे आतली खाच खाल्ली गेली, क्रँक बाद, इंजिन उतरवा.

तो तरुण सरळ माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, मिस्त्रीवर अर्ज लिवा. ग्राहकाचा. बोल्ट कसलाच न्हाई त्यानं."

"हे तुला कसे ठाऊक?"

"कसलाच न्हाई. तुमी लिवा."

पक्षकार ठाम असला की मसुदा वेग घेतो. मी लिहिले. 'अक्षम्य हलगर्जीपणा', 'प्रवाशांच्या जीवितास उत्पन्न झालेला गंभीर धोका', 'अर्जदाराच्या उपजीविकेवर झालेला प्राणांतिक आघात'. वाचून दाखवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. हा आघात एवढा मोठा आहे हे त्याला तोवर माहीत नव्हते.

दुपारी मिस्त्री आले. पांढरा सदरा, हातात अर्जाची प्रत.

"मुनशी, हे तुमचं अक्षर हाय."

"व्यवसाय आहे, मिस्त्री."

"न्हाई, राग न्हाई. झकास लिवलं. आता याचा जवाब लिवा."

आमच्या धंद्यात दोन्ही पक्षांचे लिहिणे हे गैर मानले जात नाही. उलट एकाच हाताचे अक्षर असले की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला सोयीचे जाते. मी पहिल्यापेक्षाही सरस मसुदा तयार केला. 'अर्जातील सर्व आरोप धादांत खोटे, बनावट व आकसापोटी केलेले असून सदर बोल्ट जाबदाराने विहित पद्धतीने दोन वेळा कसलेला आहे.' मिस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"हे तुमाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"की मी दोनदा कसला."

"नाही कसला?"

"मला याद न्हाई. लिवा, याद न्हाई."

मी पेन खाली ठेवला. "मिस्त्री, कसला किंवा नाही कसला, या दोहोंपैकी एक लिहिता येते. 'याद नाही' असा जवाब दिला की तुम्ही हरलातच म्हणून समजा. आणि हरलात तर या तालुक्यात तुमच्याकडे सायकलसुद्धा कोणी आणणार नाही."

"मंग न खोलता काहून लिवता?" ते उठले. "चला, इचारू त्याला."

'त्याला' म्हणजे इंजिनाला.

जीपवाला हात लावू देईना. मिस्त्री पुरावा लपवतील, अशी त्याला भीती होती. शेवटी मी पंच म्हणून उभा राहावे, असे ठरले. माझ्या शब्दाला तालुक्यात तेवढी किंमत आहे. पुढचा पत्रा काढला आणि मला बोल्टच्या डोक्यावर पांढरी पट्टी दिसली.

"पट्टी आहे," मी म्हणालो. "हा घ्या पुरावा."

पट्टीचा अर्धा भाग बोल्टवर होता, अर्धा पुलीवर, आणि दोहोंची तोंडे एकमेकांपासून चार बोटे दूर गेली होती. त्यांनी पाना मागितला नाही. बोल्टला चिमटीत धरून फिरवले, तसा तो बाटलीच्या बुचासारखा निघाला. मग त्यांनी पुलीचे तोंड सदऱ्याच्या बाहीने पुसले. पांढऱ्या बाहीने. मी त्यांना असे करताना त्याआधी आणि त्यानंतर कधीही पाहिले नाही.

"हे पाहा मुनशी. बोल्ट खराखुरा कसला तं खालचा वायसर लोखंडाला चावतो. चकचकीत गोल उमटतो. हाय का इथं गोल?"

नव्हता.

"म्हंजे पाइप लागलाच न्हाई याला. पट्टी ओढली, कसायचा राह्यला." ते जीपवाल्याकडे वळले. "तुझं बराबर हाय, बाबा. माझी चूक हाय."

जीपवाला इतका गोंधळला, की चिडायचे विसरला. मीही गोंधळलो, परंतु वेगळ्या कारणाने. कारण सील बदलले त्या दिवशी कसायच्या आधीच पट्टी कशी ओढली गेली असेल, ते मला तिथे उभ्या उभ्या आठवले.

त्या दिवशी उपविभागीय अधिकारी साहेबांनी माझा एक अर्ज वाचून, 'अक्षर कोणाचे आहे?' असे विचारले होते. बातमी माझ्या पोटात मावेना. मी रस्ता ओलांडून गॅरेजात गेलो. मिस्त्रींचे 'कसणं हाय' म्हणून झाले होते, पाना बोल्टला लावलेला, पाइप हातात. आणि मी बोललो. चांगला बराच वेळ बोललो. साहेबांनी कोणत्या स्वरात विचारले, तेही करून दाखवले. मिस्त्रींनी पाइप भिंतीला टेकवला, माझे ऐकून घेतले, "चांगलं झालं मुनशी," म्हणाले, आणि वळून ब्रश उचलला.

हे मी मैदानात सांगायला हवे होते. पंच होतो मी. सांगितले नाही.

जीपवाल्याने भानावर येऊन नवीन क्रँक मागितला. नवीन क्रँक म्हणजे सर्व इंजिन उतरवणे, तो मिळेपर्यंत महिना, आणि तोवर पुसेगावच्या सवाऱ्या दुसऱ्याच्या जीपला सरावणार.

मिस्त्री म्हणाले, "चार दिस दे. क्रँक हाय तिथंच राहू दे. खाच मी जागेवर सुदरवतो. महिनाभर जीप चालीव. परत पुली हलली तं नवा क्रँक माझ्याकडून, आन् पाना मी खाली ठेवतो. मंग मिस्त्री म्हनू नको मला."

"लोक म्हंतेत हातानं केलेली खाच टिकत न्हाई."

"लोकाईचं बयान घेतलं न्हाई मी."

पुढचे चार दिवस मी टेबलावर कमी आणि गॅरेजात अधिक होतो. खाचेची एक बाजू ठोके खाऊन चिंचेच्या आकड्यासारखी वाकडी झाली होती. मिस्त्रींनी ती बारीक कानशीने सरळ केली. साहजिकच खाच रुंद झाली. आता नेहमीची चावी तीत ढिली बसणार. म्हणून त्यांनी जुन्या गिअरच्या पोलादातून दोन पायऱ्यांची चावी घडवायला घेतली, खालची पायरी रुंद, क्रँकच्या खाचेसाठी. वरची अरुंद, गिअर आणि पुलीसाठी. ती कुठे अडते हे कळण्यासाठी ते चावी चिमणीच्या ज्योतीवर धरून काळी करीत, खाचेत दाबीत आणि बाहेर काढीत. काजळी जिथे पुसली गेली, तिथे कानशीचे दोन हात. पुन्हा चिमणी. पुन्हा खाच. दिवसातून शंभर वेळा. वहीतल्या खाडाखोडीची मला सवय आहे, परंतु एवढ्याशा तुकड्यावर एवढी खाडाखोड मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मला राहवले नाही.

"मिस्त्री, त्या दिवशी मध्ये बोलणारा मी होतो."

"माहीत हाय." कानस थांबली नाही.

"मग तुम्ही मैदानात सांगितले का नाही?"

"काय सांगू?"

"की मुनशींमुळे चूक झाली."

त्यांनी चावी उजेडात धरली, एक डोळा मिटून पाहिली. "बोलले तुमी. हात माझा व्हता."

"जवाबात तसे लिहू. तुमची बाजू बळकट होईल."

"दुसऱ्याचं नाव घातलं की तुमची बाजू बळकट होते मुनशी, माझी न्हाई होत. लिवा. मी सांगतो तेवढंच लिवा."

आणि त्यांनी सांगितले. मी लिहिले. 'सीलाचे काम करताना पुलीचा बोल्ट मी शेवटचा कसला नाही. त्यामुळे क्रँकची खाच खराब झाली. ती मी दुरुस्त करून देत आहे.' तीन वाक्ये. 'सबब' नाही, 'सदर' नाही. मी एक तरी 'विनम्र' घालू द्या म्हणालो, त्यांनी घालू दिला नाही. माझ्या हातून एवढा उघडावाघडा कागद कधी गेला नव्हता.

चौथ्या दिवशी चावी बसली. लाकडी हातोडीच्या तीन हलक्या ठोक्यांनी गेली आणि मग नखाने हलवून पाहिली, तरी हलेना. गिअर चढला, पुली चढली. मिस्त्रींनी पाइप घेतला. त्यांनी काही जाहीर करण्यापूर्वीच मी उठून रस्ता ओलांडला आणि माझ्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. जीपवाला आत होता. एक एसटी आली, थांबली, सवाऱ्या घेऊन गेली. मग इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो आवाज एकसारखा, अखंड होता.

मिस्त्री मात्र त्या महिन्यात वाळले. जेव्हा जेव्हा जीप गॅरेजासमोरून जाई, तेव्हा हातातले काम सोडून ते दारात येत आणि ती नाल्याच्या पुलापलीकडे जाईपर्यंत मान वाकडी करून ऐकत. लोकांना सर्व कळले होते. काहींनी वाहने दुसरीकडे नेली. एकाने तर तोंडावर सांगितले, "मिस्त्री, तुमच्या पट्टीचा आता भरवसा न्हाई." मिस्त्री म्हणाले, "बराबर हाय. पट्टी पाहू नका, पाना लावून पाहा." आणि त्याच्या हातात पाना दिला. त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला ते पाना देऊन स्वतः बोल्ट तपासायला लावू लागले. मुख्याध्यापक गुरुजींनी तर चाकाचे सगळे नट तपासले आणि बऱ्याच वर्षांनी कोणाचा तरी पेपर तपासल्याचे समाधान मिळाले, असे मला सांगितले.

महिना उलटला. पुली हलली नाही, जीप खडखडली नाही. एके सकाळी जीपवाला माझ्या टेबलाशी येऊन बसला.

"साहेब, अर्ज माघारी घ्यायचा हाय. लिवा."

मी कोरा कागद ओढला. 'उभयपक्षी समेट झाल्याने' एवढे लिहिले आणि पेन पुढे जाईना. पंच म्हणून मैदानात मी गप्प राहिलो होतो. मिस्त्रींना सांगून ते फिटले नव्हते, कारण मिस्त्रींना ते आधीच माहीत होते. ज्याचे नुकसान झाले, तो समोर बसला होता.

"एक गोष्ट तुला सांगायची राहिली," मी म्हणालो. "त्या दिवशी मिस्त्री बोल्ट कसायला घेत असताना मी तिथे गेलो. मध्ये बोललो. त्यांचे लक्ष माझ्यामुळे गेले."

तो हसला.

"मला म्हाईत हाय ना साहेब. मी जीपीतच मागच्या शिटावर आडवा झालतो. अक्षर कोणाचं, अक्षर कोणाचं, समदं आयकलं. पाइप लागल्याचा आवाज आलाच न्हाई, ते जीप बंद पडल्यावर ध्यानात आलं."

म्हणजे पहिल्या दिवशी 'कसलाच न्हाई' हा जो ठामपणा मला पक्षकाराचा हट्ट वाटला होता, ते प्रत्यक्ष साक्षीदाराचे बयान होते.

"मग अर्ज लिहून घेतलास तेव्हा माझे नाव का सांगितले नाहीस?"

"तुमचं नाव सांगितलं असतं," तो म्हणाला, "तं तुमी अर्ज लिवला असता का?"

मी चष्मा काढला, पुसला, आणि प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार करतो आहे असा चेहरा केला. तोपर्यंत त्याने माझ्या हातातला पेन घेऊन अर्धवट कागदावरच सही केली होती आणि रस्त्यावरून पुसेगावच्या सवाऱ्या त्याला हाका मारीत होत्या.